साडेपाच तास

"रात्री दहा पंचवीस. हितं नोंद हाय, भिमा. त्या वेळी नर्सरीवर कोण व्हतं?"

जन्मापासून ज्या जुन्या गड्याला तात्या म्हटलं, त्याला दिग्विजय आज नुसतं भिमा म्हणाला. मागं शेडनेटमध्ये चाळीस हजार मिरचीची रोपं माना टाकून पडली होती. चैताचं ऊन, आणि सकाळपासून एकदाही पाण्याचं धुकं उडालं नव्हतं.

"मीच व्हतो, दादा. सगळं कळंब गाव कीर्तनाला, मी एकटा राखणीला. पर डबीला हात न्हाय लावला."

"मग बटण काय भुतानं दाबलं?"

भिमानं एकदा दाराकडं पाहिलं. तिथं रावजीआबा उभे होते, दिग्विजयचे वडील. त्यांची नजर स्वतःच्या चपलांवर होती. भिमा गप्प झाला. चोर गप्पच होतो, असं दिग्विजयला वाटलं.

ती डबी त्याच्या दोन वर्षांची कमाई होती. सौर बॅटरी इवलीशी, म्हणून डबी एरवी गाढ झोपायची. जागं राहायचं ते तिच्यातलं नखाएवढं घड्याळ, बटणासारख्या सेलवर. तासातासाला ते गजर द्यायचं, डबी उठायची, धुकं उडवायची आणि पुन्हा झोपायची. त्या घड्याळाशी बोलणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, दिग्विजयनं स्वतः लिहून डबीच्या कर्नलमध्ये, तिच्या मूळ प्रणालीत, बसवला होता. गावाला हे उमजेना, तेव्हा आबांनीच समजावलं होतं. "सप्त्यात सगळा मांडव झोपतो, पर एक जण गळ्यात वीणा घेऊन उभाच असतो का न्हाय? सात दिवस ती भुईला लागत न्हाय. दोन तास झालं की त्यो पुढच्याला उठवतो. तसंच हे." बेंगळुरूच्या कंपनीलाही दिग्विजयनं हेच सांगितलं. साहेब मनापासून हसले आणि अट घातली. तीन दिवस कुणाचाही हात न लागता रोपं जगवून दाखव, नोकरी तुझी.

आज तिसरा दिवस होता. डबीवरचं बटण पाच अंक मोजेपर्यंत दाबलं, की सगळे गजर रद्द व्हायचे. अडीनडीची ती सोय तिघांनाच ठाऊक होती. तो, आबा आणि भिमा.

संध्याकाळी कंपनीचा नकार आला. तिरीमिरीत दिग्विजय गावच्या सप्त्याच्या मांडवात गेला आणि वीणेच्या पहाऱ्याच्या यादीतून त्यानं भिमाचं नाव खोडलं. पहाटे चार ते सहा. "रोपं राखता येत न्हाईत त्यानं वीणा धरू नये." आबा तेवढं म्हणाले, "त्याचा पहारा मी करतो." जेवताना त्यांनी आपल्या हातानं लेकाच्या ताटात भाकरी वाढली. "जाऊ दे रं ते बेंगळुरू. हितं काय कमी हाय?" दिग्विजयचे डोळे भरून आले. आपलं म्हणावं असं एवढंच माणूस उरलंय, असं त्याला वाटलं.

सकाळी तो कंपनीला पाठवायचा अहवाल लिहायला बसला. गजर रद्द झाल्याच्या नोंदीखाली, सौर पट्टीवर उजेड पडताच आपोआप होणारी नोंद होती. उजाडलं, बारा पंचेचाळीस.

तो हसला. रात्री पाऊण वाजता कुठं उजाडतंय? मग त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. घड्याळ ग्रिनिचची वेळ धरून चालतं. तसं त्यानंच ठरवलं होतं. आपली वेळ दाखवताना डबी त्यात साडेपाच तास मिळवते. काल रागाच्या भरात त्यानं नोंद थेट घड्याळातून वाचली होती.

दहा पंचवीस आणि साडेपाच तास. त्यानं लहान मुलासारखं बोटांवर मोजलं. पहाटेचे तीन पंचावन्न.

यादीत दोन ते चार आबांचं नाव होतं. म्हणजे आबा वीणेपाशी आणि भिमा अजून नर्सरीवरच. आबा सुटले, याचं त्याला हायसं वाटलं. खात्री करायला त्यानं समईत तेल घालणाऱ्या चंद्राबाईंना विचारलं, "काल पहाटे भिमा वीणा घ्यायला कवा आला वं?"

"साडेतीनलाच की. आबांनी त्याच्या गळ्यात वीणा घातली, म्हणलं जरा पाय मोकळं करून येतो. चार वाजून गेल्यावर आलं."

बारावीच्या वर्षी रोज पहाटे चारला आबाच त्याला उठवायचे. हातात चहाचा कप घेऊन, एक दिवस न चुकता.

भिमा अंगणात दावं वळत बसला होता. दिग्विजय समोर मातीतच बसला.

"तात्या, नोंदीत साडेपाच तास मिळवायचं मी इसरलो. बटण पहाटे दाबलं, आबांनी. तुमाला ठावं व्हतं?"

"काल पहाटे न्हाय. तवा निस्तं परतलेल्या आबांच्या धोतराचा काठ वल्ला दिसला. मग रोपं बघितली, तवा उमगलं." भिमानं दाव्याला पीळ दिला. "तुमी जाणार म्हणून आठ दिस त्यांना जेवान ग्वाड लागत नव्हतं, दादा."

"आन् माझं काय, तात्या? तुमचं काय? भर मांडवात मी तुमचं नाव खोडलं. त्यांनी बघितलं आन् तुमचाच पहारा घेतला!" तो उठला. "आत्ता जातो. सगळ्यांसमोर विचारतो."

भिमानं त्याचा हात धरला. मांडवातल्या कर्ण्यावरून आबांचा थकलेला आवाज येत होता. भिमाच्या पहाऱ्यासाठी ते पहाटेपासून उभे होते. पुढचा गडी आला, तरी त्यांनी वीणा सोडली नव्हती.

"वीणा गळ्यात हाय त्यांच्या. ती भुईला ठेवता येत न्हाय," भिमा म्हणाला. "उद्या काला हाय, दादा. तवर ते साडेपाच तास मिळवू नका."