सुरमईचा डोळा

तालमीत गुणाजीचा बाण सुटला आणि थेट पेटीच्या भात्यात घुसला. त्यानंतर ती पेटी सूर सोडून नुसते सुस्कारे टाकू लागली.

"बाण मारतोस की कुत्रा सोडतोस रे?" भिवा ओरडला. "शेपूट हलवत जातो नुसता!" गुणाजी नाटकातला अर्जुन, भिवा त्याचा शेजारी आणि नाटकातला भीम. आदल्या दिवशी ह्याच बाणाने त्याचा वाळत घातलेला लेंगा गॅलरीच्या कठड्याला खिळला होता.

लालबागच्या चाळीत शिमग्याचं नाटक होतं, द्रौपदी स्वयंवर. गिरणी संपाचं दुसरं वर्ष. चाळीत कोणाच्या हाताला काम नव्हतं, पण नाटकात मासा खराच लागायचा. तो वरळीच्या कोळीवाड्यातली सोनूबाई दरवर्षी द्यायची. चांगली हातभर सुरमई. देताना म्हणायची, "डोला फोरलास तं मावरा तुझा, नाय तं माझा." आजवर एकाही अर्जुनाने डोळा फोडला नव्हता. काळा दोरा ओढून मासा खाली पाडायचे आणि सोनूबाई तो टोपलीत घालून परत न्यायची. दानशूर म्हणून मंडळाने तिला दोनदा शालसुद्धा दिली होती.

गुणाजीच्या घरात वर्षभर मासा शिजला नव्हता. पेज बघून "कालवण काय?" असं विचारायचंही पोरांनी बंद केलं होतं. त्याची बायको सुभद्रा एवढंच म्हणाली, "द्रौपदी आणलीत तर याद राखा. मासा आणा."

गुणाजीने काळा दोरा कापून टाकला.

गिरणीच्या नोटिसा घरोघरी पडून होत्या, 'ताबडतोब कामावर या'. त्या चौकटीवर ताणून तो त्यांतून आरपार बाण मारू लागला. भोक गोल पडलं तर बाण सरळ. कागद फाटत गेला तर शेपूट हललं. पहिल्या नोटिसा टराटरा फाटल्या. मग त्याच्या लक्षात आलं, बाणाची पिसं वेगवेगळ्या पंखांची होती. भायखळ्याला चालत जाऊन त्याने एकाच कोंबड्याच्या एकाच पंखाची पिसं आणली. धनुष्याची एक बाजू आडमुठी होती, ती काचेने तासली. बाण दोरीवर टेकायची जागा लाल सुताने बांधून टाकली. घरातल्या नोटिसा संपल्या तेव्हा भिवाने स्वतःची दिली. "मार. नायतरी मी कुठे जातोय!"

तिला गोल भोक पडलं. बरोबर मॅनेजरच्या सहीत.

मासा नासू नये म्हणून स्वयंवर अगदी सुरुवातीलाच ठेवलं होतं. नाटकाच्या रात्री सायकलच्या चाकाला लटकलेली सुरमई वर गरगर फिरू लागली. खाली पाण्याची परात. गुणाजीने परातीत बघितलं, दोरी कानापर्यंत खेचली. पुढच्या रांगेतले लोक मुकाट उठून मागे गेले. पेटीने एक सुस्कारा टाकला.

बाण सुटला. शेपूट हललं नाही. सुरमई डोळ्यातून आरपार बाण घेऊन धपकन परातीत पडली.

"मेल्याने फोरला रं!" सोनूबाई किंचाळली.

द्रौपदी झालेला धोंडू वरमाला घेऊन पुढे आला. पण गुणाजीने मासा उचलला, काखेत मारला आणि मुकुटासकट जिन्याकडे धूम ठोकली.

"अरे, माळ!" धोंडू ओरडत राहिला.

खोलीत शिरून गुणाजीने आतून कडी घातली. गुडघे धरल्यामुळे म्हातारी आई घरीच होती. दाराकडे पाठ करून ती पेज ढवळत बसली होती.

"आये, बघ मी काय आणलंय!"

"काय हाडलंस ता सगळ्यांनी वाटून खावा."

गुणाजी जागच्या जागी थिजला. हे तर कुंतीचं वाक्य! नाटकात ते अजून दोन प्रवेश लांब होतं.

तेवढ्यात दार वाजलं. त्याने नाइलाजाने कडी काढली. धर्म, भीम, नकुल, सहदेव, चौघे मुकुट घालून, हातात ताटल्या घेऊन उभे होते. त्यांच्यामागे धापा टाकत माळ घेतलेली द्रौपदी. आणि तिच्यामागे गॅलरीभर पोरं.

"आये," गुणाजी रडकुंडीला येऊन म्हणाला, "तू वळून बघितलंस पण नाय गो!"

म्हातारी पेजेत आणखी तांब्याभर पाणी ओतत म्हणाली, "बघूक कित्याक होया? वास अख्ख्या माळ्याक इलो."