दोनशे चौदा नंबरची बाटली

लिफाफा फोडल्यावर डॉ. सम्राटने आधी निष्कर्ष वाचले नाहीत. त्याने यादीत दोनशे चौदा नंबर शोधला. त्याच्यापुढे लिहिलं होतं, ‘ई जीवनसत्त्व’.

“खऱ्या गोळ्या मिळाल्या होत्या,” तो हळूच म्हणाला.

समोर बसलेल्या डॉ. माधुरीने वर पाहिलं, पण कोणाला मिळाल्या ते विचारलं नाही. दोनशे चौदा नंबर म्हणजे सम्राटची आई, बनाबाई. त्यांची नोंदणी माधुरीनेच केली होती.

नगरच्या त्या रुग्णालयात हा अभ्यास १९९३ साली सुरू झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेली सहाशे माणसं निवडली होती. निम्म्यांना रोज ई जीवनसत्त्वाची गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी साध्या तेलाची. कोणाला कुठली मिळते हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. चार वर्षांनी बघायचं, कोण किती जगलं. त्या दिवसांत ई जीवनसत्त्वाचा सगळीकडे बोलबाला होता, आणि सम्राटचा त्यावर पुरा भरवसा होता.

बनाबाईंना त्याच साली सौम्य झटका आला. त्या श्रीरामपूरजवळच्या गावी राहायच्या. सम्राटने त्यांचं नाव अभ्यासात घालायचं म्हटलं, तेव्हा माधुरीने बजावलं, की आई असली तरी तिला बाकीच्यांसारखंच वागवायचं. तो कबूल झाला. पहिली बाटली घरी नेली तेव्हा आईने एकच विचारलं, ह्यानं खरंच आयुष्य वाढतं का?

ठाऊक नाही, तेच तर शोधतोय, असं त्याने सांगायला हवं होतं. ते त्याच्या तोंडून निघालं नाही.

“वाढतं, आई. एक दिवसही चुकवू नकोस.”

महिन्याच्या महिन्याला बनाबाईंची बाटली रिकामी परत येऊ लागली. औषधाचा कंटाळा करणाऱ्या रुग्णांना माधुरी त्यांचं उदाहरण द्यायची. मध्ये एकदा त्यांच्या छातीत दुखलं, तेव्हा सम्राटचा धीर सुटला. एवढा एकच नंबर उघडून बघू, म्हणून तो माधुरीच्या मागे लागला. तिने यादी ठेवलेल्या कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, की इथे वेळ घालवण्यापेक्षा आईजवळ जाऊन बस. दुखणं पित्ताचं निघालं.

वडिलांचं, रंभाजींचं, त्याला कधी काही बघावं लागलं नाही. पंचक्रोशीतले नावाजलेले गवंडी. त्यांच्या थापीच्या जोरावर घर चाललं, सम्राट डॉक्टर झाला. अडुसष्टाव्या वर्षीही ते परांचीवर चढायचे. सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत एका शाळेची भिंत बांधताना ते मटकन खाली बसले, ते उठलेच नाहीत. डोक्यातली नस फुटली, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माधुरी नगरहून आली होती. बनाबाईंनी शेवटची बाटली आपणहून तिच्या हातात दिली. आत अकरा गोळ्या शिल्लक होत्या. दुःखात राहून गेल्या असतील, असं सगळ्यांनी धरलं.

आता माधुरी आकडे वाचत होती. दोन्ही गटांत जवळपास सारखीच माणसं दगावली होती. ई जीवनसत्त्वाने कोणाचं आयुष्य वाढलं नव्हतं. सम्राट खिडकीबाहेर बघत ऐकत राहिला.

“एक गोष्ट मात्र आहे,” माधुरी म्हणाली. “मेंदूतला रक्तस्राव. तेलाच्या गटात दोन मृत्यू, ई जीवनसत्त्वाच्या गटात नऊ.”

सम्राटने यादीतल्या दोनशे चौदा नंबरवर पुन्हा बोट ठेवलं. शेवटच्या त्या अकरा गोळ्या सोडल्या, तर आईच्या चार वर्षांत एका दिवसाचाही खाडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने श्रीरामपूरची एसटी धरली. बनाबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. पोराने आधी दंडाला पट्टा बांधला, दोनदा रक्तदाब मोजला, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, हातपाय हलवायला लावले. सगळं ठीक होतं. तेव्हा कुठे त्याने खांबाला पाठ टेकली. रक्तस्रावाचं आईला सांगायचं नाही, हे त्याने वाटेतच ठरवलं होतं.

“गोळ्यांचा निकाल लागला, आई. तुझ्या बाटलीत खरं औषध होतं.”

बनाबाईंचे हात थांबले. त्यांचा चेहरा उजळला. “व्हय? मला वाटायचं, निस्तं तेलच आसंल. मनाला लई लागून ऱ्हायलं हुतं ते.” त्यांनी पदराने डोळे टिपले. “म्हंजी माझ्याकडून काय कमी पडलं न्हाई.”

“तू कशाला कमी पडशील? चार वर्षं नेमाने घेतल्यास.”

“मी कुठं घेतल्या?” बनाबाई म्हणाल्या. “आयुष्य वाढतं म्हनला हुतास ना तू. मी एक बी खाल्ली न्हाई. रोज तुझ्या वडलांस्नीच देत हुते. गेले त्या दिवशी सुदिक, कामावर निघताना त्यांच्या हातावर ठेवली.”