कस्तुराबाईची ताटली

अंगणात बसून बब्रुवान धाकट्या भावाला, रणधीरला, हळू आवाजात शिकारीचा बेत सांगत होता. "ऊन कललं की हरणं माळावरनं ओढ्याला पाण्यावर उतरत्यात. वारा समोरनं हाय, आपला वास लागायचा न्हाय. करंजाखाली दबा धरून बसू. फोन घरीच ठेव. परंड्यात कुणाला कळलं तर जेल हाय."

भाकरी थापता थापता कस्तुराबाईचा हात परातीतच थांबला. "अवो, त्या कळपात आपली चंदी हाय."

"दोन वर्सं झाली तिला माळावर सोडून. आपला हरभरा खाताना तिला तुझी वळख राहिली का?" बब्रुवान खेकसला.

आईविना सापडलेलं ते पाडस कस्तुराबाईनं लेकरागत वाढवलं होतं. दोघं भाऊ बंदूक घेऊन निघाले, तसा तिचा जीव थाऱ्यावर राहीना. तीही लपतछपत मागोमाग ओढ्यावर गेली. गवतातून कळप खाली उतरताना दिसला, तशी तिनं पदराखालची जर्मनची ताटली काढली आणि उलथन्यानं जोरजोरात बडवायला लागली. हरणांना 'पळा' म्हणून सांगायला तिच्यापाशी दुसरं काय होतं?

सगळा कळप उधळला आणि माळावर पसार झाला.



एक हरणी मात्र थबकली, तिनं कान टवकारले आणि थेट बंदुकीच्या टप्प्यात धावत आली. लहानपणी हीच ताटली वाजली की तिला भाकरी मिळायची.