अपोलिनबाई उठल्या तेव्हा

सिनेमाच्या पडद्यावर चर्चच्या आश्रमातली सिस्टर एका पोरीचे केस कापू लागली आणि अपोलिनबाई खुर्चीतून उठल्या.

"आई, बसा ना," सून शेरल कुजबुजली. वसईजवळच्या त्यांच्या गावातलं वाचनालयाचं सभागृह माणसांनी गच्च भरलं होतं.

"मीसुद्धा अशाच आश्रमात होते," अपोलिनबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "लग्नाआधी दिवस गेले म्हणून बापाने नेऊन टाकलं. सिस्टर आमच्याकडून दिवसभर चादरी धुवून घ्यायच्या, वेताने मारायच्या. माझं बाळसुद्धा त्यांनी मला न दाखवताच देऊन टाकलं."

कोणीतरी सिनेमा थांबवला. शेरल बघतच राहिली. घरात कधी आवाज न चढवणारी हीच का आपली सासू?

"काहीतरीच काय बोलता!" मागून एक पुरुष ओरडला.

पहिल्या रांगेतल्या नव्वदीच्या सिस्टर बेनेडिक्टा काठी टेकत उठल्या. आता सिस्टर आईंना गप्प बसवणार, या भीतीने शेरलने सासूचा हात घट्ट धरला.

"ती खरं बोलतेय," सिस्टर म्हणाल्या. "आश्रमाच्या दाराची किल्ली माझ्याच कमरेला असायची."

अपोलिनबाई हात सोडवून त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझं बाळ कुठे दिलंत?"

"ठाण्याच्या परेरांकडे. आता ती तिथेच शाळेत शिकवते. क्लॅरा नाव तिचं."

"म्हणजे मुलगी झाली होती मला," अपोलिनबाई म्हणाल्या. आयुष्यभर त्यांना तेवढंही कोणी सांगितलं नव्हतं.

शेरल उठली. तिच्यामागे सगळं सभागृह उठलं, चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी शुभवर्तमान वाचताना लोक मानाने उठतात तसं.