सोयीची सून

"ताई, तुमचं बरं आहे. पाळी लांबवायच्या गोळ्या नकोत," धाकटी जाऊ म्हणाली, आणि गौरींच्या नैवेद्याच्या पुरणपोळ्या यंदाही थोरलीकडे आल्या.

कॅन्सरच्या उपचारांत थोरलीची पाळी छत्तिसाव्या वर्षीच कायमची थांबली होती. डॉक्टर हळहळले. घराला मात्र बारा महिने सोवळ्यात चालणारी सून मिळाली.

गॅससमोर तिच्या अंगातून पुन्हा वाफा निघू लागल्या. घाम पोळपाटावर टपकला तशी तिनं लाटणं खाली ठेवलं. "मला अडचण आलीय," एवढं जाहीर करून ती बाहेरच्या खोलीत पंख्याखाली जाऊन बसली.

स्वयंपाकघरात खल झाला. ही खोटं बोलत असेल तर फुकट आराम मिळेल, पण खरं बोलत असेल तर गौरींचं सोवळं मोडेल. शेवटी धाकटीनंच चरफडत लाटणं उचललं.

थोरलीला जरा गार वाटलं, तोच सासूबाई आल्या. सोवळंबिवळं विसरून त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"खरंच आली का गं? म्हणजे अजून मूल होईल तुला?"

पंखा गरगरत होता.

"नाही, आई. थाप मारली मी," ती म्हणाली, आणि उरलेल्या पोळ्या लाटायला उठली.