जवसाची चटणी

"मेंदूतली चांगली चरबी वयानं कमी होत जाते, विसर पडायला तेही एक कारण असतं. जवस देऊन बघा, गुण येईलच असं नाही," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून आराधना मिरजगावच्या बाजारातून जवस आणून, भाजून, कुटून सासूबाईंना रोज चटणी-भाकरी भरवू लागली. बनुबाईंना सुनेचं नावसुद्धा आठवत नसे. त्या तिला नुसतं 'बाय' म्हणायच्या, तिच्याच हातून जेवायच्या आणि "लई माया हाय गं तुझ्या हाताला" म्हणत तिचा हात धरून बसायच्या.

आज मात्र जेवता जेवता त्या थांबल्या. सुनेकडं एकटक बघता बघता त्यांच्या डोळ्यांत ओळख उतरली, तसा आराधनाचा ऊर भरून आला.

"तू चर्चजवळच्या योसेफ मास्तरची पोर ना?" बनुबाईंनी ताट लांब सारलं. "माज्या करणला लग्नाआधीच सांगितलं हुतं, हिच्या हातचं पानीसुदीक मला चालायचं न्हाई."

 

संध्याकाळी बनुबाईंनी पुन्हा 'बाय' म्हणून हाक मारली, तेव्हा आराधनानं दुधात भाकरी कुस्करून त्यांना भरवली; चटणीची बरणी तेवढी फळीवरच राहू दिली.