किल्लीची कादंबरी

"यो शब्द काय हाय? मना शिवी दिली हाय का?" केसरीनाथनं कॉलेजचा वार्षिक अंक मुलीच्या तोंडापुढे धरला. तिच्या कथेखाली सरांनी छापलं होतं, 'छोटेखानी रोमाँ आ क्ले.'

मृणालीनं आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. भाऊबीजेला आलेली कमळाआत्या तिथं ओवाळणीचं ताट लावत होती.

"शिवी नाही, बाबा. फ्रेंच शब्द आहे. किल्लीची कादंबरी. तिकडे पूर्वी लेखक खऱ्या माणसांवर लिहायचे, नावं तेवढी बदलायचे. मग कुणीतरी यादी फिरवायचं, अमकं पात्र म्हणजे तमका माणूस. ती यादी म्हणजे किल्ली."

"मंग तुझी यादी कुठं हाय?"

"मी केलीच नाही. कथेत दोघे भाऊ आहेत, खाडीवरचे. थोरला धाकट्याची होडी लाटतो. बस्."

तेवढं वाचून त्यांच्या राहनाळ गावात कुणाला काही कळलं नसतं. पण चोराच्या मनात चांदणं! अंक घरात आल्यापासून केसरीनाथच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आणि मृणालीचं तरी काय? रजिस्ट्रार ऑफिसात आत्यानं अंगठा लावला तेव्हा ती शेजारीच उभी होती. कागद तिनं वाचला होता आणि गप्प राहिली होती. त्याची तिला वर्षभर लाज वाटत होती. शेवटी तोंड उघडलं, तेही होडीच्या आडून.

"शपथ घे," तो दबक्या आवाजात म्हणाला, "आत्याला कायबी सांगनार न्हाय."

"आत्याला वाचता येत नाही, बाबा. आणि कथेत ती नाहीच."

"न्हाय कशी?" त्याचा आवाज एकदम चढला. "होडी म्हंजे कमळीच्या वाट्याची जमीन, येवढं कळत न्हाय मना? धाकटा म्हंजे कमळी, नि लाटनारा मी!"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

कमळाआत्या दारात आली. ताटातला दिवा तिनं लावला होता. मृणालीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"दादा," ती म्हणाली, "तू बोललेला म्हून मी तं तुझ्या गोडाऊनच्या लाइटच्या कागदावर अंगठा दिलेला ना?"